सामू साडेसात

रूथ साळवेनं पाचगणीहून आणले चार फाटे,
ओल्या गोणपाटात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात.
भाकरीचा वास येत होता त्यांना.
"माझ्या बापानं शाळेच्या स्वयंपाकघरामागे लावलेलं.
त्याला कुठल्याशा मडमेनं दिलेलं, तिला कुणी, ते विचारू नको.
निळं फुलतं. शाईचं निळं नाही,
शाई सांडून धुतल्यावर उरतं ते."

आम्ही दोघी शिवाजीनगरला माती तपासायचो.
जुन्नरची, भोरची, इंदापूरची, पिशव्यांतून यायची.
पाण्यात ढवळून तिला विचारायचं, आंबट की खारी?
आकडा यायचा. त्याचं नाव सामू.

माझी स्वतःची जमीन बिबवेवाडीत, तळमजल्याला,
कंपाउंडची भिंत आणि ड्रेनेजचं चेंबर यांच्या मधली,
एक चटई मावेल एवढी.
काळी माती, आत चुनखडीचे खडे, दुधाच्या दातांसारखे.
सामू साडेसात.
काय होणार ते मला माहीत होतं.

चारातले तीन मेले.
चौथ्याची पानं एप्रिलात दुपारी दोनला लोंबायची
पिळलेल्या रुमालासारखी, आणि मी तांब्या घेऊन धावायचे.
रूथ तोवर रिटायर होऊन वर गेलेली. फोनवर म्हणाली,
"थांब. सहा वाजता बघ."
सहाला पानं उभी होती,
जसं काही झालंच नव्हतं.

सोसायटीचा माळी तुळजाराम त्याला हैदरंगी म्हणतो.
एका जानेवारीत त्यानं मेंदीच्या कुंपणासारखं
छान सपाट कापून टाकलं.
त्या वर्षी एक कळी नाही.
हे जुन्या लाकडावर फुलतं, तुळजाराम,
वाळकी दिसते ती काडी वाळकी नसते.
"मग तशी पाटी लावा की, बाई."

पाटी लावली.

पुढच्या मे महिन्यात फूल. पसरट, बशीएवढं.
मधे बारीक दाणे, मोहरी सांडावी तसे,
कडेनं सात मोठी फुलं, चार-चार पाकळ्यांची,
क्रोशाच्या झालरीसारखी.
कडेच्यांत बी धरत नाही, ती नुसती हाक मारतात.
माश्या हाकेला येतात
आणि जाऊन बसतात मधल्या गर्दीत.
रंग गुलाबी. हिरड्यांचा असतो तो गुलाबी.

मग तुरटी केली. चहाचा चोथा केला.
काळसेकरांच्या एसीखाली बादली लावली,
त्या पाण्यात चुना नसतो.
"मॅडम, आज अर्धीच भरली," ते वरून ओरडायचे,
म्हशीनं दूध कमी दिल्यासारखे.
साडेसहापर्यंत उतरवला सामू, वहीत तारखा आहेत.
फूल एका बाजूनं जांभळट झालं,
गुडघ्यावरच्या जुन्या माराएवढं,
आणि तिथंच थांबलं.

रूथ फोनवर दरवर्षी विचारायची, रंग काय म्हणतोय?
मी म्हणायचे, अजून ठरवतोय.

गेल्या आठवड्यात तिचा फोन, भलत्या वेळी.
शाळेनं मागची बाजू पाडली. मशीन आलं होतं.
ती चहा ठेवायला घरात गेली, तेवढ्यात.
बराच वेळ नुसता श्वास.
मग, "तुझं आहे ना गं?"

कात्री डेटॉलनं पुसली.
फूल न आलेल्या चार काड्या, प्रत्येकीला दोन पेरं,
खालची पानं काढून, वरची अर्धी कापून.
हे तिच्या बापाच्या झाडाचं मूल नव्हे.
तेच झाड आहे. काडीतून काडी,
मधे मरायला त्याला सवडच मिळालेली नाही.

डबाही तोच. परत करायचा राहिला होता.
स्वारगेटहून साडेसहाची एसटी,
कंडक्टरच्या मागची सीट, मांडीवर डबा.
वर लाल, आंबट माती. आकडा मला पाठ आहे.
रंगाचं मी तिला काही सांगितलेलं नाही.
झाकण नीट बसत नाही आता,
दोन रबरं लावलीत.